दहापैकी किती सुखी?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आपण आपली नोकरी करत असतो, आजूबाजूची माणसं आपापल्या परीने शहाणपणा करत असतात, आणि रिटायर झाल्यावर लक्षात येतं की इन्क्रिमेंट कधी लागली, प्रमोशन कोणत्या साली झालं, यातलं काहीच धड आठवत नाही. लोकांचा शहाणपणा मात्र सगळा आठवतो! माझ्याजवळ हा माल भरपूर आहे. पण त्यात एक नंबर म्हणाल तर सुखाचा सर्व्हे. आधी चहा मागवा, मग सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची भिलाई तेव्हा अजून मध्य प्रदेशात होती. मी तिथल्या स्टील प्लँटच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये क्लार्क. एके दिवशी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर पुण्याचे एक अर्थशास्त्रज्ञ बसले होते, डॉ. देवस्थळी. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला झोळी, आणि आता समोरचा काहीतरी चुकीचं बोलणार अशी खात्री असलेलं हसू.

"वानखेडे, डॉक्टरसाब हमारे वर्करों का सुख नापने आए हैं," मोठे साहेब म्हणाले. "आप इनके साथ रहिए."

भिलाईत तोवर आम्ही पोलाद मोजत होतो, हजेरी मोजत होतो, ओव्हरटाइम मोजत होतो. सुख मोजायचं राहूनच गेलं होतं. पुण्याहून माणूस यावा लागला!

मदतीला दिला मेंढे. ब्लास्ट फर्नेसच्या टाइम ऑफिसमधला, मूळचा आमगावकडच्या शेतकरी घरातला. तिखट जिभेचा आणि कामाला वाघ. भिलाईबाहेर हायवेवरच्या कुम्हारीला भाड्याच्या खोलीत राहायचा, वरच्या मजल्यावर. गावी त्याची म्हातारी आई होती, तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. इथल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं की ऑपरेशनचं वय गेलं, आता जपायचं तेवढं जपा, वर्ष-दोन वर्षं निघतील. पण हॉस्पिटलजवळ ठेवा आणि जिने चढू देऊ नका. म्हणून मेंढेला कंपनीच्या टाउनशिपमध्ये, सेक्टरमध्ये, तळमजल्याचा क्वार्टर हवा होता. अर्ज कधीचा पडून होता आणि त्याच्या पुढे नंबर लागलेल्यांची रांग संपत नव्हती. मोठे साहेब त्याला म्हणाले, "यह सर्वे ठीक से करा दो, फिर तुम्हारा केस देखेंगे."

बाहेर आल्यावर मेंढे मला म्हणाला, "वानखेडेजी, मले एक क्वार्टर भेटू द्या. मंग म्हनान तेवढं सुख मोजून देतो!"

*

डॉक्टरांजवळ एक पुठ्ठा होता. त्यावर दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र. सर्वात वरच्या पायरीवर एक माणूस दोन्ही हात वर करून हसतो आहे. लोकांना ते दाखवायचं आणि विचारायचं, सर्वात वर म्हणजे उत्तम आयुष्य, सर्वात खाली म्हणजे वाईटात वाईट, तर तुम्ही कोणत्या पायरीवर? झालं संशोधन.

पहिलं गिऱ्हाईक निघालं मेंटेनन्सचा एक फिटर. त्याने पुठ्ठा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्याचा सेफ्टी बेल्ट कुठी आहे?"

"ते महत्त्वाचं नाही हो," डॉक्टर म्हणाले. "हे प्रतीक आहे."

"प्रतीक असन जी. पन पडला तं? हेल्मेट नाई, बेल्ट नाई, खाली शिडी धराले मानूस नाई, अन् दोन्ही हात सोडून हासून राहिला!"

तोवर वर्कशॉपमधले आणखी पाच-सहा जण जमले. शिडीचा कोन बरोबर आहे का, यावर चर्चा सुरू झाली. एकाच्या मते शिडी फारच उभी लावली होती. दुसऱ्याला ती बांबूची वाटत होती, आणि बांबूच्या शिडीवर प्लँटमध्ये बंदी होती. शेवटी फोरमन आला. त्याने चष्मा लावून चित्र पाहिलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "याले वर चढाचं परमिट कोनी देल्लं?"

सुखाबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी गेस्ट हाउसवर डॉक्टरांनी ब्लेडने तो माणूस खरवडून टाकला. आमच्या सर्व्हेत सुखाच्या टोकावर पोचलेला एकमेव माणूस पहिल्याच दिवशी खाली उतरवला गेला!

*

मग डॉक्टर म्हणाले, चित्र राहू द्या, सरळ आकडा विचारू. शून्य ते दहा.

रोलिंग मिलच्या बिसेनकडे गेलो. सेक्टर पाचमधला क्वार्टर, अंगणात शेवग्याचं झाड, आत नवा कोरा टीव्ही. बिसेन छाती पुढे काढून म्हणाला, "शून्य!"

डॉक्टरांचे डोळे चमकले. पुण्याहून निघाल्यापासून त्यांना असा माणूस भेटला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज मऊ केला. म्हणाले, "बोला, मन मोकळं करा. घरात काही ताण? प्रकृती? मुलांचं काही?"

बिसेन म्हणाला, सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, दु:ख दडवू नका. बिसेनची बायको पोहे घेऊन आली, तिला त्यांनी विचारलं, "हे रात्री नीट झोपतात ना?" ती बिचारी घाबरून नवऱ्याकडे पाहायला लागली. "का झालं जी तुमाले?" असं म्हणून तिने त्याच्या कपाळाला हात लावला. मोठी मुलगी आतून रडवेली होऊन बाहेर आली.

"अरे, झालं का आहे मले?" बिसेन ओरडला. "बढिया शून्य सांगतलं ना!"

तेव्हा मेंढेच्या डोक्यात प्रकाश पडला. रोलिंग मिलच्या दाराशी अपघातांचा बोर्ड होता. त्यावर शून्य लिहिलेलं असलं की मिलला शील्ड मिळायची, मिठाई मिळायची. शून्य म्हणजे एकदम झकास, हे बिसेनच्या अंगात भिनलेलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, ते शून्य काढा, दहा लिहा. डॉक्टर नाराज झाले. त्यांना बिसेनच्या सुखाचा आनंद झाला नाही, हातचा दु:खी माणूस गेल्याचं वाईट वाटलं. पोहे मात्र त्यांनी दोनदा घेतले.

*

सेक्टरमध्ये दुसरी गंमत. त्या काळी क्वार्टरमध्ये चोरून भाडेकरू ठेवायची पद्धत होती. एक खोली स्वतःला, एक भाड्याने, आणि मागच्या अंगणात पत्रा टाकून आणखी एक बिऱ्हाड. त्यामुळे हातात कागद घेतलेला माणूस दारात दिसला की तो टाउनशिप ऑफिसातून तपासणीला आला, एवढंच लोकांना कळायचं.

सेक्टर दोनमधले एक गृहस्थ. आम्ही दार वाजवलं तर आधी बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज. मग दार उघडलं. कपाळावर घाम.

"घरात कोण कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोनीच नाई जी. मी एकटा. अगदी एकटा!"

"सुखी आहात का?"

"एकट्या मानसाले कायचं सुख?"

त्याच वेळी मागच्या दाराने एक बाई पेटता स्टोव्ह धरून बॅकलेनमध्ये निघून गेली. तिच्या मागे दोन पोरं, एक गादी, आणि शेवटी पिंजऱ्यातला पोपट घेऊन एक आजोबा. मी पाहिलं, मेंढेने पाहिलं. डॉक्टर लिहीत होते.

त्या अख्ख्या गल्लीत आम्हाला एकटीच माणसं भेटली. डॉक्टरांनी त्यावर प्रकरणच लिहिलं, 'औद्योगिक वसाहतीतील एकाकीपणा'. ज्या गल्लीत संडासापुढे सकाळी रांग लागायची त्या गल्लीवर! परदेशात त्या प्रकरणाची बरीच वाहवा झाली म्हणे.

*

कामगार घाबरत होते, ते मी समजू शकतो. अधिकाऱ्यांचं काय?

स्मृति नगर तेव्हा नवीनच वसत होतं. तिथे देशकर नावाचे डेप्युटी मॅनेजर राहायचे. आम्ही प्रश्न विचारला तर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"आमच्या चीफनी किती सांगितलं?"

"ते गुप्त असतं," डॉक्टर म्हणाले.

"हो, पण अंदाजे? नाही, काय आहे, त्यांच्यापेक्षा जास्त सांगून कसं चालेल? माझा गोपनीय रिपोर्ट तेच लिहितात ना!"

म्हणजे वरिष्ठापेक्षा सुखी असणं नोकरीच्या शिस्तीत बसत नव्हतं. तेवढ्यात मिसेस देशकर आतून आल्या. त्यांना चीफची पर्वा नव्हती, शेजारणीची होती. "समोरच्या मिसेस वर्मांनी नऊ सांगितलं, मला कळलंय. माझे साडेनऊ लिहा."

"अगं, चीफ आठच्या वर जाणारे नाहीत!"

"मग मी काय मिसेस वर्मांच्या खाली राहू?"

नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. तिचे साडेनऊ, त्याचे साडेसात असं ठरलं, आणि आम्ही निघालो. जीपपर्यंत पोचलो नाही तोच देशकर धावत आले. "सात करा हो, सात. रिस्क नको."

डॉक्टरांनी हसत हसत स्वतःच्या खिशातलं खोडरबर काढलं आणि साडेसाताचे सात केले. अधिकाऱ्याला त्यांनी नाही म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

*

डॉक्टरांचा एक लाडका सिद्धांत होता, तो ते जीपमध्ये रोज ऐकवायचे. माणसाला कशाचीही सवय होते. पगार वाढला, फ्रीज आला, नवं घर मिळालं, की तो काही दिवस हरखतो. मग सवय झाली की सुख परत जुन्या जागी! तेव्हा सोयी वाढवत बसण्यात अर्थ नाही.

मेंढेने एकदा विचारलं, "अन् दुखाचंबी असंच होते का जी?"

"होतं की! दु:खाचीही सवय होते."

"बरं आहे मंग," मेंढे म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

मे महिना होता. भिलाईचा मे, वर फर्नेस आहेतच. गेस्ट हाउसमध्ये डॉक्टरांना कूलरची खोली होती आणि ते मजेत होते. रोज संध्याकाळी खस, म्हणजे वाळा, टाकलेल्या कूलरच्या हवेत बसून आम्हाला सवयीचा सिद्धांत सांगायचे. मग राउरकेल्याहून कोणी धातुशास्त्रज्ञ आले आणि त्यांना मिळाली कोपऱ्यातली एसीची खोली.

संपलं! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाश्त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखायला लागलं. चौथ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांना फोन करून सांगितलं की अशा परिस्थितीत गंभीर संशोधन होऊ शकत नाही. कूलर तोच, पाणी तेच, खस तीच. फक्त भिंतीपलीकडून एसीची घरघर ऐकू यायची.

मेंढे अगदी काळजीने म्हणाला, "कावून जी साहेब? सवय नाई झाली का अजून?"

डॉक्टर म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

शेवटी डॉक्टरांनाही एसी मिळाला. डोकं दुखायचं थांबलं. शास्त्र पुन्हा सुरू झालं!

*

शेवटी क्वार्टर नसलेल्यांची पाळी आली, म्हणून कुम्हारीला गेलो. पत्र्याच्या खोल्या, एका हापशावर अख्खी चाळ, हायवेची धूळ सगळ्या भांड्यांवर. आणि ज्याला विचारू तो म्हणतो, "बढिया आहे जी!" कोणी नऊ, कोणी दहा. डॉक्टर चक्रावले आणि खूशही झाले.

मेंढेचं घर शेवटचं. वर जायला उभा लाकडी जिना, हाताला कठडा नाही. डॉक्टर चढता चढता दोनदा थांबले. वर मेंढेची आई होती. हॉस्पिटलमध्ये दाखवायला गावाहून आणलेली. मेंढेने तिला पाठुंगळी घेऊन वर चढवली होती. भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळसर, एकेक वाक्य तुकड्यातुकड्यात बोलायची. तरी आम्हाला पाहून डोक्यावर पदर घेतला आणि सुनेला म्हणाली, "चाय मांड ओ. साखर जास्त टाक."

डॉक्टरांनी पुन्हा शिडीचा पुठ्ठा काढला. "आजी, या शिडीवर तुम्ही कुठे आहात?"

तिने चित्राकडे पाहिलं. "मी नाई चढत बाप्पा. मले दम लागते."

"नाही हो, म्हणजे तुमचं सगळं कसं चाललंय? दहापैकी किती?"

"सप्पा बढिया आहे. पोरगा चांगला, सून चांगली. काई कमी नाई. दहाच्या दहा लिवा."

"माय!" मेंढे कळवळून म्हणाला. "खरं सांग ना! तुले जिना उतरता येत नाई, रातभर बसून राहतं, ते सांग ना!"

तिने त्याच्यावर डोळे वटारले. "पाहुना पहिल्यांदा घरी आला. त्याच्याजवळ रडू का मी? तो का रडगानं आयकाले आला का?"

आमच्याकडच्या घरांत हे असंच आहे. दारी आलेल्या परक्या माणसाला कोणी घरचं दुखणं सांगत नाही. बढियाच म्हणतात. मी जिन्याखाली डॉक्टरांना हे नीट समजावून सांगितलं. मेंढेने तर हात जोडले, "साहेब, मायचे ते दहा खोडा. मी खरं सांगतो."

"दिलेलं उत्तर बदलता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "शास्त्रीय शिस्त असते."

खोडरबर त्यांच्या खिशातच होतं, वरून दिसत होतं. मला त्या माणसाची इतकी चीड आली की परतताना मी त्यांच्याशेजारी न बसता पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो. मेंढे कुम्हारीलाच उतरून राहिला. जीप वळली तेव्हा तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता.

*

महिन्याभराने ट्रेनिंग सेंटरच्या हॉलमध्ये सादरीकरण झालं. सगळे बडे अधिकारी आले, कारण समोसे होते. खिडक्यांना काळे पडदे. प्रोजेक्टरवर स्लाइड बदलायला मेंढेला बसवलं होतं, मी त्याच्या शेजारी. त्याची आई तोवर गावी परत गेली होती. या जिन्यापेक्षा गाव बरं, असं तिनेच ठरवलं होतं. मेंढेची सगळी आशा मोठ्या साहेबांनी दिलेल्या शब्दावर होती. धुतलेला शर्ट घालून आला होता.

एकाकीपणाच्या स्लाइडवर लोकांनी च्च् च्च् केलं. मग कुम्हारीची स्लाइड आली. सुखाच्या आलेखात सगळ्यात उंच खांब कुम्हारीचा.

"आश्चर्य वाटेल," डॉक्टर म्हणाले, "पण क्वार्टर नसलेला कामगार क्वार्टरवाल्यापेक्षा अधिक समाधानी आहे. हृदयविकाराने आजारी असलेल्या एका वृद्धेनेही पूर्ण दहा गुण दिले. घर आणि सुख यांचा आपण समजतो तसा संबंध नाही. नवं घर मिळाल्याचा आनंद ओसरतो. माणसाला सवय होते."

मोठे साहेब खुर्चीत सरसावून बसले. "मतलब यूनियनवाले क्वार्टर के लिए जितना हल्ला करते हैं, उतनी ज़रूरत है नहीं. नया ब्लॉक अगले प्लान में देख लेंगे. बाकी केस भी तब तक रोक दो." हॉलमध्ये माना डोलल्या. कोणीतरी टाळी वाजवली.

माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मेंढे उभा राहिला होता. प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"साहेब, एक इचारू का जी?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. स्लाइड बदलणारा माणूस प्रश्न विचारत नसतो. पण डॉक्टर उदार मूडमध्ये होते. "विचारा, विचारा."

"नवं घर भेटलं का मानूस खुश होते, अन् मंग ते सुख सरते, असं म्हनता ना?"

"अगदी बरोबर!"

"किती दिवस राहते जी ते?"

"वर्षभर. फार फार तर दोन वर्षं."

"मंग द्या ना जी," मेंढे म्हणाला. "माह्या मायले तेवढं बहुत झालं."

मोठ्या साहेबांनी हातातला समोसा बशीत ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नेक्स्ट स्लाइड," ते म्हणाले.

पडद्यावर कुम्हारीचा खांब तसाच होता.

"मेंढे, नेक्स्ट स्लाइड!"

मेंढे हात मागे बांधून उभा होता. स्लाइड काही बदलली नाही.